योग्याचा धीर, गावाचा धीर

योगसाधनेच्या जुन्या ग्रंथांत आसनांपेक्षा काळाचा विचार अधिक आढळतो. पतंजलींच्या योगसूत्रांत आसनाला दुसऱ्या पादातली अवघी ३ सूत्रे मिळाली आहेत. त्याआधी पहिल्याच पादात अभ्यास आणि वैराग्य ही चित्त आवरण्याची दोन साधने येतात आणि अभ्यास पक्का केव्हा होतो याच्या अटीही येतात: तो दीर्घकाळ चालावा, मध्ये खंड पडू नये आणि मनात आदर धरून व्हावा. दीर्घकाळ म्हणजे किती, हे सूत्रकार सांगत नाहीत. आजार, आळस, संशय, हाती आलेली अवस्था न टिकणे अशी विघ्नेही ते मोजून दाखवतात. त्यांवरचे उपाय मात्र सौम्य आहेत. सुखी माणसाशी मैत्री, दुःखी माणसाविषयी करुणा, पुण्यवानाला पाहून आनंद, दुष्टाची उपेक्षा आणि सावकाश सोडलेला श्वास. यांपैकी चार उपाय इतर माणसांशी कसे वागावे याबद्दलचे आहेत, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही.

भगवद्गीतेच्या सहाव्या अध्यायात हाच विषय संवादातून येतो. मन वाऱ्यासारखे आहे, ते धरता येत नाही, अशी अर्जुनाची तक्रार आहे. ती रास्त आहे हे श्रीकृष्ण मान्य करतात; धैर्याने धरलेल्या बुद्धीच्या आधारे मनाला हळूहळू शांत करण्याचा मार्ग त्यांनी थोडे आधीच सांगितलेला आहे. पुढे पंधराव्या शतकाच्या सुमारास स्वात्माराम यांनी हठप्रदीपिका रचली. योग सिद्धीस नेणाऱ्या ६ गोष्टी तिच्यात दिल्या आहेत: उत्साह, साहस, धैर्य, तत्त्वज्ञान, निश्चय आणि लोकांची संगत सोडणे. योग बिघडवणाऱ्याही ६ आहेत: अतिआहार, अतिश्रम, बडबड, नियमांचा हट्ट, लोकांची संगत आणि मनाची चंचलता. सिंह, हत्ती, वाघ जसे हळूहळू माणसाळतात तसाच प्राण ताब्यात येतो आणि घाई केली तर तो साधकाचाच घात करतो, असा इशाराही या ग्रंथात आहे.

योग सिद्धीस नेणाऱ्या यादीतल्या दोन गोष्टी महाराष्ट्राच्या योगपरंपरेत एकमेकींपासून सुटल्या. धैर्य राहिले, लोकांची संगत सोडण्याचा आग्रह मात्र गळत गेला. हठप्रदीपिका लिहिली जाण्याच्या सुमारे दीडशे वर्षे आधीच हा बदल सुरू झाला होता. नाथपंथी योग्याने गुहेत बसून मिळवलेली शांती पुढे घराच्या दारात, नदीच्या घाटावर, वारीच्या गर्दीत आणि गावच्या सप्ताहाच्या मांडवात पारखली जाऊ लागली. पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यातले निमोणे आणि त्याच्या भोवतालचा शिरूर-दौंडचा टापू या इतिहासाच्या अगदी जवळ आहे.

शिरूर तालुका घोड आणि भीमा या नद्यांच्या मधला, पर्जन्यछायेतला. घोडच्या पलीकडे अहिल्यानगर (पूर्वीचा नगर) जिल्हा लागतो, भीमेच्या पलीकडे दौंड. आळंदी आणि देहू ज्या इंद्रायणीच्या काठी आहेत ती तुळापूरला भीमेला मिळते. तेच पाणी शिरूर आणि दौंड यांच्या मधून वाहत पुढे पंढरपूरला जाते. नगरच्या बाजूला मढीचे कानिफनाथ आणि सावरगावच्या मायंब्याचे मच्छिंद्रनाथ ही नाथांची मोठी ठाणी आहेत. अशा रीतीने एका अंगाला नाथांचा मुलूख आणि दुसऱ्या अंगाला वारकऱ्यांचा, अशी या टापूची रचना आहे. इथल्या अनेक गावांचे ग्रामदैवत भैरवनाथ आहे, आणि त्याच गावांत ज्ञानेश्वरीची पारायणेही होतात. लोकांना या दोन गोष्टींत विसंगती वाटत नाही, आणि इतिहास पाहिला तर ती नाहीही.

याच तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८ पासून तिथे दीर्घकाळ उत्खनन केले आणि सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची ताम्रपाषाणयुगीन शेतकरी वस्ती उजेडात आणली. इथे मोठ्या माणसांना पुरताना सहसा पावले तोडून पुरत. एक पुरुष मात्र चार पायांच्या मोठ्या मातीच्या रांजणात, पाय दुमडून बसलेल्या स्थितीत मिळाला. त्याची पावले शाबूत होती. वस्तीतला तो मानाचा माणूस असावा, असे अभ्यासकांनी मानले. बैठ्या स्थितीतले हे दफन पाहून नंतरच्या काळातल्या संन्याशांच्या समाधीची आठवण होणे साहजिक आहे. तरीही त्यावरून तिथे योगसाधना होती असे म्हणता येत नाही. त्या लोकांनी एक अक्षरही मागे ठेवलेले नाही आणि बसण्याच्या ढबीवरून मनाची स्थिती सांगता येत नाही. या भागातल्या योगाचा इतिहास लेखनाच्या आधाराने सांगायचा तर तो तेराव्या शतकापासूनच सुरू करावा लागतो.

ज्ञानेश्वरांनी शके १२१२ म्हणजे इसवी सन १२९० मध्ये प्रवरेकाठच्या नेवाशात गीतेवरची टीका सांगितली. ग्रंथाच्या शेवटी त्यांनी आपली गुरुपरंपरा दिली आहे: आदिनाथ, मत्स्येंद्रनाथ, गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ. ज्ञानेश्वरांचे थोरले भाऊ निवृत्तिनाथ यांना त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर गहिनीनाथांकडून उपदेश मिळाला, अशी परंपरा आहे. आदिनाथांपासून मोजले तर ज्ञानेश्वर सहावे नाथ ठरतात. तोवर ही विद्या गुरूच्या तोंडून शिष्याच्या कानात जात असे. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात ती मराठीत, भर श्रोत्यांसमोर उलगडली गेली.

हा अध्याय हठयोगाच्या दृष्टीने अतिशय तपशीलवार आहे. बसण्याची जागा कशी असावी, कुश, मृगाजिन आणि वस्त्र यांचे आसन कसे घालावे, मूळबंध कसा बांधावा, कुंडलिनी जागी झाल्यावर शरीरात काय घडते, हे सारे त्यात येते. या मार्गाला ज्ञानेश्वर पंथराज म्हणतात. हठप्रदीपिका ज्या विद्येची मांडणी पुढे संस्कृतात करणार होती तिचा बराचसा गाभा इथे ओवीत आलेला आहे. शांतीच्या दृष्टीने मात्र या वर्णनाच्या पुढचा भाग अधिक मोलाचा आहे. गीतेतल्या ‘हळूहळू’ या सूचनेवर भाष्य करताना ज्ञानेश्वर साधकापुढे दोन वाटा ठेवतात. पहिल्या वाटेत बुद्धी धैर्याच्या घरी वस्तीला येते आणि मनाला अनुभवाच्या मार्गाने सावकाश आत्म्यापाशी नेऊन बसवते. हे ज्याला जमत नाही त्याच्यासाठी दुसरी, सोपी वाट आहे. एक नियम करावा आणि मनाला मोकळे सोडावे. ते जिथे जाईल तिथून नियमच त्याला परत घेऊन येईल; असे होत होत त्याला स्थिर राहण्याची सवय लागेल.

सातशे वर्षांनंतरही ध्यानाविषयी याहून व्यवहार्य सल्ला क्वचितच मिळतो. त्यात मनाशी मारामारी नाही. भटकण्याबद्दल मनाला दोष दिलेला नाही, की भटकणे बंद होण्याची मुदतही घातलेली नाही. सगळा भार परत येण्यावर आहे. त्याच अध्यायात पुढे योगभ्रष्टाचा प्रश्न येतो. साधना अपुरी राहिली आणि आयुष्य संपले तर त्या माणसाचे काय? त्याचे काहीही वाया जात नाही, पुढच्या जन्मात तो जिथे थांबला होता तिथूनच चालू लागतो, हे गीतेचे उत्तर ज्ञानेश्वर मोठ्या मायेने फुलवतात. एका जन्मातल्या अपयशाची भीती गेली की घाईचे कारणही उरत नाही. पुनर्जन्मावर श्रद्धा असो वा नसो, साधकाच्या मनावर या विचाराचा होणारा परिणाम ओळखण्याजोगा आहे.

बाराव्या अध्यायात ज्ञानेश्वर याच योगमार्गाच्या कष्टांचे वर्णन करतात आणि सामान्य देहधारी माणसासाठी भक्तीची वाट सोपी असल्याचे सांगतात. पंथराजाचे गुणगान करणाऱ्यानेच ही मर्यादा दाखवावी, हा मराठी योगपरंपरेतला महत्त्वाचा वळणबिंदू आहे. सोळाव्या अध्यायात क्षमा आणि धृती यांची व्याख्या येते. क्षमा म्हणजे सगळे साहणे आणि आपण साहतो याचा गर्वही न येणे. अंगावरच्या केसांचा भार देह वाहतो, पण वाहतो आहे हे त्याला कळतही नाही, तसे. सहनशीलतेचे प्रदर्शन करणारी शांती इथे नापास ठरते. तिची परीक्षा एकट्याने बसून होऊ शकत नाही. त्यासाठी समोर कोणीतरी माणूस लागतोच.

या परीक्षेच्या दोन कथा आळंदीशी जोडलेल्या आहेत. पहिली ताटीच्या अभंगांची. संन्याशाची मुले म्हणून निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताबाई या भावंडांना समाजाने वाळीत टाकले होते. एकदा झालेल्या अपमानाने व्यथित होऊन ज्ञानेश्वरांनी स्वतःला झोपडीत कोंडून घेतले आणि ताटी, म्हणजे झोपडीचे दार, लावून घेतली. धाकटी बहीण मुक्ताबाई बाहेर उभी राहिली आणि तिने दार उघडण्याची विनवणी अभंगांतून केली. योगी कसा असावा, जग रागावले तर त्याने काय करावे, हे ती आपल्या गुरुतुल्य भावाला समजावते. कथेचे ऐतिहासिक तपशील सिद्ध करता येणार नाहीत. परंपरेने तिचे जतन केले आहे ही गोष्ट मात्र पुरेशी बोलकी आहे. योगातले सर्वांत मोठे नाव घ्यायचे, त्याच्याही शांतीला तडा गेला असे सांगायचे, आणि तो सांधण्याचे काम एका लहान मुलीकडे द्यायचे: असे धाडस करणारी परंपरा साधकाला खोट्या कल्पनांपासून वाचवते. बंद दाराआडचा एकांत इथे साधनेचा भाग मानलेला नाही. दार उघडून पुन्हा त्याच लोकांत येणे हाच योग ठरतो.

दुसरी कथा चांगदेवांची. तापी-पूर्णेच्या परिसरातला हा योगी चौदाशे वर्षे जगला, असे परंपरा सांगते. सिद्धी पुष्कळ, शिष्य पुष्कळ. ज्ञानेश्वरांची कीर्ती ऐकून त्यांना पत्र लिहायला बसला, तर मायना काय लिहावा हे ठरेना. वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा की ज्ञानाने थोर म्हणून नमस्कार? शेवटी त्याने कोराच कागद पाठवला. त्याला उत्तर म्हणून लिहिलेल्या ६५ ओव्या चांगदेवपासष्टी या नावाने प्रसिद्ध आहेत. नंतर चांगदेव वाघावर बसून, हातात सर्पाचा चाबूक घेऊन आळंदीला निघाला आणि भावंडे बसलेली भिंतच त्याला सामोरी गेली, ही कथा मराठी मुलांना पाठ असते. तिचा चमत्काराचा भाग लोकप्रिय झाला, पण कोऱ्या कागदाचा भाग अधिक खोल आहे. चौदाशे वर्षे प्राण रोखून धरणाऱ्याला मानापमानाचा एवढासा पेच सुटला नाही. दीर्घ साधनेने आयुष्य वाढेल, शक्ती येईल. शांती येईलच याची हमी नाही, हे या कथेइतके स्पष्टपणे फार कमी ठिकाणी सांगितले गेले आहे. ज्ञानेश्वरांनी १२९६ मध्ये, कार्तिक वद्य त्रयोदशीला, आळंदीत समाधी घेतली. चांगदेव मुक्ताबाईचा शिष्य झाला, अशी परंपरा आहे.

पुढचे मोठे नाव पैठणच्या एकनाथांचे (१५३३–१५९९). त्यांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरी किल्ल्याचे अधिकारी होते. संन्याशाच्या मठाऐवजी सरकारी कचेरीत शिष्याचे शिक्षण व्हावे, हा बदल स्वतःच पुष्कळ सांगतो. हिशेबात एका पैची चूक निघाली म्हणून एकनाथांनी रात्रभर जागून वह्या तपासल्या आणि चूक सापडताच आनंदाने टाळी वाजवली. ते पाहून गुरूंनी ही एकाग्रता देवाकडे लावायला सांगितले, अशी आख्यायिका आहे. पुढे शूलभंजन पर्वतावर त्यांनी अनुष्ठान केले. पण गुरूच्या आज्ञेने पैठणला परतून गृहस्थाश्रम स्वीकारला. गोदावरीवरून स्नान करून येताना एकजण त्यांच्यावर पुन्हा पुन्हा थुंकत राहिला आणि ते प्रत्येक वेळी न रागावता पुन्हा स्नानाला गेले, ही कथा एकनाथांच्या शांतीचे प्रमाण म्हणून सांगितली जाते. परंपरेत ही संख्या १०८ आहे, जपमाळेच्या मण्यांइतकी. अपमानाचीच माळ झाली, असे कथा सुचवते.

ही शांती एकनाथांनी ग्रंथातही मांडली. भागवताच्या अकराव्या स्कंधावरची त्यांची टीका १५७३ मध्ये काशीत पूर्ण झाली. तिच्या तेविसाव्या अध्यायात भिक्षुगीता आहे. धन गेल्यावर भिक्षू झालेला अवंतीचा एक ब्राह्मण लोकांची कुचेष्टा, मारहाण, थट्टा सोसतो आणि आपल्या दुःखाचे कारण लोक, देव, ग्रह किंवा कर्म नसून मन आहे, असा शोध घेत जातो. तितिक्षेवरचे इतके विस्तृत विवेचन मराठीत क्वचितच सापडते. १५८४ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. पोथ्या गोळा करून, पाठ ताडून पाहण्याचे हे काम धीराचेच होते, आणि आज गावोगाव वाचली जाणारी ज्ञानेश्वरी त्या कामावर उभी आहे.

सतराव्या शतकात रामदासांनी नाशिकजवळच्या टाकळीला १२ वर्षे नदीत उभे राहून जप केला, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. तुकाराम देहूजवळच्या भंडारा, भामचंद्र या डोंगरांवर एकांतात बसत आणि पुन्हा गावात, कीर्तनाला परतत. वह्या इंद्रायणीत बुडवल्या गेल्यावर ते १३ दिवस नदीकाठी उपाशी बसून राहिले, ही कथा सर्वश्रुत आहे.

तुकारामांच्या मागून आलेले निळोबाराय शिरूरच्या इतिहासाचा भाग आहेत. परंपरेनुसार त्यांचे घराणे शिरूर-घोडनदीचे, कुलकर्णीपण सांभाळणारे. पूजा आणि सरकारी काम यांची एकाच वेळी ओढाताण झाली तेव्हा त्यांनी वतनाचे काम सोडले आणि पुढे शेजारच्या पारनेर तालुक्यातले पिंपळनेर हे त्यांचे गाव झाले. एकनाथांच्या कथेत हिशेबाची वही साधनेची शाळा होते. निळोबांच्या कथेत ती खाली ठेवावी लागते. दोघांची तुलना केली तर कचेरीपेक्षा माणसाच्या मनाचा कल महत्त्वाचा ठरतो. निळोबांना तुकारामांचा उपदेश हवा होता, पण तुकाराम तेव्हा हयात नव्हते. ते तुकारामांचा धावा करीत अन्नपाणी सोडून बसून राहिले आणि अखेर तुकारामांनी दर्शन देऊन अनुग्रह केला, असे वारकरी मानतात. जो गुरू देहाने भेटण्याची शक्यताच नाही त्याची वाट पाहणे, ही धीराची टोकाची कसोटी होती. ज्ञानदेव, नामदेव, एकनाथ, तुकाराम या मालिकेत वारकरी निळोबांना शेवटचे स्थान देतात. त्यांच्या गाथेत चांगदेवचरित्र आहे. सिद्धी असूनही अस्वस्थ राहिलेल्या योग्याची कथा घोडकाठच्या या माणसाला पुन्हा सांगावीशी वाटली, यात नवल नाही.

संतांची ही शिकवण गावाच्या रोजच्या जगण्यात उतरली ती वारी, पारायण आणि सप्ताह यांतून. तुकारामांचे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ मध्ये पादुका पालखीत ठेवून पंढरपूरला नेण्याची प्रथा सुरू केली. आळंदीच्या पालखी सोहळ्याला आजचे शिस्तबद्ध रूप एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकर यांनी दिले. तुकोबांची पालखी दौंड तालुक्यातल्या यवत आणि वरवंड इथे मुक्काम करते. वाटचालीची शिस्त पाहिली तर योगशास्त्रातली पथ्ये वेगळ्या वेषात दिसतात: ठरलेली वेळ, बेताचे अन्न, पावलांशी जुळलेला श्वास आणि भजनाची लय, दिंडीत नेमलेल्या जागी चालणे. लोकांची संगत हठप्रदीपिकेने विघ्न मानली होती. इथे लाखोंची गर्दीच साधनेची जागा झाली.

अखंड हरिनाम सप्ताहाचा मोठा प्रसार एकोणिसाव्या शतकात सराला बेटाच्या गंगागिरी महाराजांनी केला. आज शिरूर-दौंडच्या गावांत तो वर्षाच्या पंचांगाचा भाग आहे. पहाटे काकडा, सकाळी ज्ञानेश्वरीचे पारायण, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि शेवटच्या दिवशी काल्याचे कीर्तन व महाप्रसाद. सुमारे नऊ हजार ओव्या सात दिवसांत वाचायच्या तर रोज बाराशेहून अधिक ओव्या होतात. वाचक रांगेने मांडी घालून बसतात, समोर ग्रंथ, आणि व्यासपीठ चालवणाऱ्याच्या सुरात सगळे एकसाथ वाचतात. शेतात राबणाऱ्या माणसाला इतका वेळ एका आसनावर बसणे सोपे नसते. पहिल्या दोन दिवसांत गुडघे, कंबर बोलू लागतात. चौथ्या-पाचव्या दिवशी शरीर गप्प होते आणि वाचन एकसंध होते. सहाव्या अध्यायात वर्णिलेले आसनस्थैर्य त्याच अध्यायाचे वाचन करताना साधते आहे, हे वाचणाऱ्यांच्या लक्षात येवो न येवो.

सप्ताहातला वीणेचा पहारा तर स्वतंत्र साधनाच म्हणावी लागेल. सात दिवस, रात्रंदिवस, कोणीतरी गळ्यात वीणा घालून नामस्मरण करीत उभे असते. वीणा खाली ठेवायची नाही; एकाने दुसऱ्याच्या गळ्यात घालायची. गावातले लोक आपापसांत पहारे वाटून घेतात. रात्री दोन-तीनच्या सुमाराला, मांडवात कोणी ऐकायला नसताना, झोप आवरून एका लयीत नाम घेत राहणाऱ्या विणेकऱ्याला कौतुकाचा आधार नसतो. पतंजलींनी अभ्यासाला घातलेली खंड न पडण्याची अट इथे एका माणसाऐवजी सगळ्या गावाने मिळून पाळलेली असते. योगाच्या इतिहासात ही मोठी भर आहे आणि तिचे श्रेय कोणत्याही एका ग्रंथाला देता येत नाही.

या परंपरेला विद्यालयाचे रूप दिले विष्णुबुवा जोग (१८६७–१९२०) यांनी. पुण्यातले हे कीर्तनकार तालमीत कमावलेल्या शरीराचे पहिलवान होते. १९१७ मध्ये त्यांनी आळंदीत वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली. तिथे विद्यार्थ्यांचे ४ वर्षांचे शिक्षण होते; ज्ञानेश्वरी, गाथा, गीता यांबरोबर पाठांतर, नित्यनेम आणि साधी राहणी यांची सवय लागते. गावोगावच्या सप्ताहांना कीर्तनकार पुरवणारी ही मोठी संस्था आहे.

विसाव्या शतकात योगाच्या शांतीकडे पाहण्याची आणखी एक रीत पुणे जिल्ह्यातच जन्मली. जगन्नाथ गणेश गुणे, पुढे स्वामी कुवलयानंद (१८८३–१९६६), यांनी बडोद्यात राजरत्न माणिकराव यांच्याकडे व्यायामविद्या शिकली, अंमळनेरला शिक्षक म्हणून काम केले आणि नर्मदाकाठच्या मालसर इथे परमहंस माधवदासजींकडे योगाचे धडे घेतले. १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्यात कैवल्यधाम स्थापले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. उड्डियान, नौली या क्रियांत पोटातला दाब कसा बदलतो, हे त्यांनी क्ष-किरण आणि दाबमापक यांच्या साहाय्याने तपासले. प्राणायामाने शरीराला जास्त प्राणवायू मिळतो, हा समज तेव्हा सर्वत्र होता. मोजमापांतून त्यांना उलट दिसले आणि त्यांनी ते लपवले नाही. प्राणायामाचे मोल प्राणवायूच्या मात्रेत नसून मज्जासंस्था आणि मन यांवर होणाऱ्या परिणामात आहे, अशी मांडणी त्यांनी केली. प्रिय समजुतीविरुद्ध गेलेला निष्कर्ष मान्य करण्याची ही तयारी त्यांच्या साधनेचाच भाग मानायला हवी. दीर्घ, सावकाश सोडलेल्या श्वासाबरोबर हृदयाची गती मंदावते हे आता शरीरशास्त्रात सर्वमान्य आहे. पतंजलींच्या यादीतल्या त्या उपायाला यातून शारीरिक स्पष्टीकरण मिळते. हठप्रदीपिकेची चिकित्सक आवृत्तीही पुढे कैवल्यधामानेच प्रसिद्ध केली.

बेळ्ळूर कृष्णमाचार सुंदरराज अय्यंगार (१९१८–२०१४) १९३७ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, डेक्कन जिमखान्यावर योग शिकवायला पुण्यात आले. नेमणूक ६ महिन्यांची होती. ते आयुष्यभर पुण्यात राहिले. लहानपणी आजारांनी खंगलेले शरीर त्यांनी सरावाने घडवले. आसनात बराच वेळ स्थिर राहणे, शरीराच्या प्रत्येक भागाकडे लक्ष देणे आणि दोर, पट्टे, ठोकळे, खुर्ची यांच्या आधाराने अशक्त माणसालाही ते शक्य करून देणे, ही त्यांच्या पद्धतीची ओळख. आसनांत स्थैर्य आल्याशिवाय प्राणायामाला हात घालू नये, हा त्यांचा आग्रह हठप्रदीपिकेच्या इशाऱ्याशी जुळतो. १९६६ मध्ये त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि पुढे ‘योगदीपिका’ या नावाने मराठीत आला. १९७५ मध्ये पुण्यात रमामणी अय्यंगार स्मारक योग संस्था उभी राहिली. आधाराच्या साधनांवर कधी टीकाही झाली, पण वृद्ध आणि आजारी माणसांना आसनात टिकून राहण्याइतका वेळ मिळाला तो या साधनांमुळेच. धीर धरायला सांगणे सोपे असते. तो धरता येईल अशी सोय करून देणे हे अय्यंगारांचे खरे काम.

संयुक्त राष्ट्रसंघाच्या निर्णयानुसार २०१५ पासून २१ जूनला आंतरराष्ट्रीय योग दिन साजरा होतो. त्या दिवशी खेड्यापाड्यांतल्या शाळांच्या मैदानावर मुले ताडासन, वृक्षासन, अनुलोम-विलोम करतात. त्याच सुमारास आळंदी-देहूच्या पालख्या निघण्याच्या बेतात किंवा वाटेवर असतात आणि शेतकरी पेरणीसाठी पावसाची वाट पाहत असतो. शाळेतला योग वर्षातून एका दिवसापुरता राहिला तर दीर्घकाळ आणि खंड न पडता या दोन्ही अटी मोडतात. जिथे शिक्षक रोजच्या परिपाठात दोन-चार मिनिटे श्वासाला देतात तिथे चित्र वेगळे आहे. शाळेतला हा योग आणि देवळातला सप्ताह यांची गाठ अजून फारशी पडलेली नाही. मुलांना आसने शिकवणाऱ्याला सहावा अध्याय ठाऊक नसतो आणि पारायणाला बसणाऱ्याला आपण करतो त्याला योग म्हणतात हे कोणी सांगितलेले नसते. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायाचे पान आणि शाळेतली चटई एकाच घरातल्या आजोबा आणि नातवाच्या हाती आहेत. त्यांची गाठ घालायला नव्या संस्थेची गरज नाही. सप्ताहाच्या दुपारी, पारायण आणि हरिपाठ यांच्या मधल्या मोकळ्या वेळात, ते काम गावच्या मांडवातच होऊ शकते.